बॉनेटवरचं कुंकू

९ ऑक्टोबर, गुरुवार

ही डायरी सत्यमदाजींनी मला पोळ्याच्या सुमारास दिली. त्यानंतर गणपती बसले, उठले, दसरा झाला, आणि मी पहिल्या पानावर फक्त माझं नाव लिहिलं. तेही दोनदा, कारण पहिल्या वेळी पेन चालत नव्हतं. रोज म्हणायचो, आज जेवण झालं की लिहू. जेवण झालं की झोप यायची. सकाळी लिहायला बसलो तर तहान लागायची, पाणी प्यायला उठलो की गल्लीत कुणीतरी दिसायचं, आणि मग दिवस त्याच्याबरोबर जायचा.

दाजी म्हणाले होते, "हरिओम, तू बारावी सोडलीस, हैदराबाद सोडलंस, पुणं सोडलंस, सोलापूरचं हाटेल सोडलंस. दिवस कुठं जातो ते लिहीत जा. मला दाखवू नको. तुला दिसू दे."

आज लिहायला बसलो ते शहाणपण आलं म्हणून नाही. डोकं फिरलंय आणि घरात सांगायला कुणी नाही म्हणून.

दाजी म्हणजे माझ्या पुनमताईचे मालक. नांदेडात तरोडा नाक्याकडं त्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे, म्हणजे जळालेल्या पाण्याच्या मोटारीला नवी तार गुंडाळून देतात. दुकानाच्या बाजूला पत्र्याचं एक शेड रिकामं पडलंय. मला तिथं डिटेलिंगचं टाकायचंय. गाडी धुण्याचं नाही, डिटेलिंगचं, म्हणजे रंगातले डाग आणि चरे काढून तो नव्यासारखा करायचं. फरक मी घरात सगळ्यांना समजावला, कुणाला पटला नाही. हैदराबादला मी हेच काम करत होतो. आजवर केलेल्या कामांत तेवढं एकच मनापासून आवडलं, आणि ते का सोडलं ते मलाही नीट सांगता येत नाही. दाजी म्हणाले, शेड देतो, आधी माझी एक गाडी नीट ठेवून दाखव.

गाडी पांढरी आहे. दाजींचा तिच्यावर इतका जीव की कुणी बॉनेटला टेकलं तर दुकानातून ओरडतात. त्यांची स्वतःची आईसुद्धा टेकत नाही.

तर मोटार उचलता उचलता दाजींच्या कमरेतली गादी सरकली. उजवा पाय गुडघ्याखाली बधिर. हैदराबादचे डॉक्टर म्हणाले, येत्या मंगळवारी ऑपरेशन. पाय परत येईल, कदाचित नाही येणार, कण्याचं काम आहे म्हणून जिवाचंही थोडं सांगून ठेवलं आणि सही घेतली. त्यात काय, हल्ली दुर्बिणीनं करतात. ताई आणि दाजी शनिवारी रेल्वेनं गेले. घरात मी आणि दाजींच्या आई, जगदेवी मावशी.

आता कुंकवाचं. दसऱ्याला गाडीची पूजा झाली. कुंकू मावशींनी बाजारातून आणलं, तेलात कालवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून. मावशींची रांगोळी बघायला गल्ली जमते, पण बॉनेटवरचं हे काही त्यांनी स्वतःच्या हातानं काढलं नाही, ताईला काढायला लावलं. ताईचा हात माझ्यासारखाच, स्वस्तिक वाकडं आलं. खाली पाच बोटं उठवली. वर आठवडाभर आश्विनातलं ऊन.

आज गाडी धुवायला घेतली तर मावशी घरातून लगबगीनं आल्या, म्हणाल्या, "तेवढं सोडून धू." सोडून धुतली. पण कडेला ओलं बोट फिरवून बघितलं. तेल निघालं, लाल तसंच. वर बसलेलं नाही, रंगात उतरलेलं.

आणि मी शहाणा. धुतलेल्या गाडीचा फोटो काढून स्टेटसला टाकला. दाजींनी दवाखान्यातून बघितला आणि फोन केला. त्यांचं म्हणणं, ते उन्हात रंग खाईल, मी यायच्या आत काढ, आणि साधं काहीतरी लावून बॉनेटचं वाटोळं करू नको, चांगलं सामान आण, न्हाई तर चांगला माणूस बघ. मी हाव म्हणालो. थोड्या वेळानं ताईचा फोन. मागं ढकलगाडीची चाकं वाजत होती, म्हणजे खोलीच्या बाहेर येऊन बोलत होती.

"त्या कुंकवाला हात लावायचा न्हाई. आम्ही घरी येऊस्तोवर न्हाई."

"ताई, दाजींनीच सांगितलं."

"त्यांना काय सांगायचं ते सांग."

एका खोलीतल्या दोन माणसांनी आपसात ठरवून एकच फोन करायला काय जातं?

मी ठरवलं. गाडी दाजींची, शेड दाजींचं. दाजी म्हणतील तसं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

नांदेडात गाड्या किती वाढल्यात बघा, आणि त्या पुसायला एक धड कापड मिळू नये.

वजिराबादेत पहिल्या दुकानात रंगाला चालेल असं बारीक पॉलिश मागितलं. त्यानं डॅशबोर्डला लावायचा तेलकट फवारा दिला. म्हणालो हे नाही. म्हणाला, सगळे हेच नेतात. दुसऱ्याकडं बाहेरच्या कंपनीची बाटली होती, मला ओळखीची, हैदराबादला तीच वापरायचो. हातात घेतली तर झाकणाचं सील चिकटवलेलं आणि बॅच नंबर खरवडलेला. उघडून वास घेतला. रॉकेल.

"वास तर येणारच," दुकानदार म्हणाला, "इम्पोर्टेड हाय."

कापडाची तऱ्हा तीच. माझ्या खिशात एक जुनी सीडी असते. कापड खरं मायक्रोफायबर असेल तर सीडीवर घासलं तरी रेघ उठत नाही. त्याचं घासलं, सीडीवर मांजरानं ओरबाडल्यासारखं झालं. मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, "तुला गाडी पुसायची का शिडी?" बाकीची गिऱ्हाइकं हसली. हसू देत. त्यांच्या गाड्या त्यांना लखलाभ.

हिंगोली गेटकडच्या एकानं थिनर पुढं केलं. एका मिनिटात लाल जाईल म्हणाला. जाईल की. लाल जाईल, पांढरं जाईल, खालचा पत्रा हसत वर येईल.

तिथंच क्रेननं एक मोठा फलक चढवायचं काम चालू होतं. थोडं बघू म्हणून थांबलो. मग त्यांना दोर धरायला माणूस कमी होता. अंधार पडला तेव्हा लक्षात आलं की पुढचं दुकान बघायचं राहिलं आणि आता बंद झालं असणार.

दाजींचा मेसेज होता: निघालं का.

११ ऑक्टोबर, शनिवार

सामान मिळत नाही तर माणूस बघू म्हणून गाडी घेऊन एका स्टुडिओत गेलो. नाव लिहीत नाही. काचेचं दार, आत गारवा, गिऱ्हाइकाला कॉफी. मालकाच्या डोक्यावर गॉगल. मला ब्रो म्हणाला. बॉनेटकडं लांबूनच बघितलं आणि सुरू झाला: अख्ख्या गाडीचं रबिंग, वर सिरॅमिकचा थर, पाच वर्षांची गॅरंटी, दिवाळीची ऑफर. मी म्हणालो, मला अख्खी गाडी नको, एवढं हातभर कुंकू काढायचंय, कसं काढणार ते सांगा. म्हणाला, मशीननं. कोणता पॅड लावणार? म्हणाला, पांढरा. मी कडक का मऊ ते विचारत होतो.

तेवढ्यात मागच्या बाजूला नजर गेली. तिथं एक काळी गाडी उन्हात उभी करून मशीन मारणं चालू होतं. तापलेल्या पत्र्यावर. मारणाऱ्याच्या हातून पॅड खाली पडला, धुळीत. त्यानं उचलला, पँटवर दोनदा आपटला आणि परत लावला. काळ्या रंगावर गोल गोल चरे उठत चालले होते, जातं फिरवल्यासारखे. माझ्याच पाठीवर कुणी फिरवतंय असं झालं.

मी मालकाला सांगितलं. तो म्हणाला, "ब्रो, कस्टमरला दिसत न्हाई."

मग मी कस्टमरलाच सांगितलं. तो कॉफी पीत मोबाइल बघत होता. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी जणू वर्गणीच मागायला आलोय. निघालो तर माझ्या गाडीच्या मागं दुसरी लावलेली. तासभर अडकलो. बाहेर चहाच्या टपरीवर बसलो. टपरीवाल्याच्या जुन्या व्हॅनच्या हेडलाइटा पिवळ्या पडून आंधळ्या झाल्या होत्या. डिक्कीत बारीक पॉलिश पेपर होता, पाण्यानं घासून दिल्या. हात मोकळे असले की मला बसवत नाही. टपरीवाला दिवा लावून लावून बघत होता. मी कुठं राहतो ते त्यानं विचारून घेतलं, कशाला ते कळलं नाही.

डाग होता तिथं आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज निदान कारण सापडलं.

एका व्हिडिओत सांगितलं होतं की खरं कुंकू हळदीचं असतं, त्यावर लिंबू पिळलं की पिवळं पडतं. मावशींच्या पुडीतली चिमूट बशीत घेतली, लिंबू पिळलं. लाल ते लालच. परत पिळलं. बशीसुद्धा लाल झाली आणि घासून निघेना.

मला इतका आनंद झाला की तसाच स्वयंपाकघरात गेलो. मावशी भाकरी करत होत्या. मी म्हणालो, "मावशी, तुमचं कुंकू डुप्लिकेट हाय. ह्यात हळदच न्हाई. नुसता कपड्याचा रंग."

मावशींनी विचारलं, "सगळंच?"

"अख्खी पुडी. देवाला लावलं ते बी, गाडीला लावलं ते बी."

तव्यावरची भाकर करपली. मावशींची भाकर करपलेली मी कधी बघितली नाही. मला वाढलं आणि त्या स्वतः बसल्याच नाहीत. म्हणाल्या, एकादशी हाय. कॅलेंडर बघितलं, एकादशी शुक्रवारी आहे. म्हातारपणात असं होतं.

दुपारी बघतो तर मावशी घरात नाहीत. ज्या बाईला गल्लीच्या टोकाला जायचं तरी मी बरोबर लागतो, ती एकटी ऑटोनं जाऊन आली. हातात कुंकवाची नवी पुडी. माझ्यादेखत बशीत ओतली, लिंबू पिळलं, पिवळी पडली. मग ताईला फोन लावला आणि कितीतरी वेळ हळू आवाजात बोलत होत्या. देवणीकडच्या असल्यामुळं मध्येच कानडी येतं, मला अर्धं कळत नाही. एवढं कळलं की नवीन कुंकू गाडीला लावायला ताई पाहिजे आणि ताई तर तिकडं. मी म्हणालो, मग तुम्हीच लावा की, तुमचा हात चांगला हाय. त्या आत गेल्या. रात्री परत जेवल्या नाहीत.

एका पुडीसाठी इतकं काय.

मी बदलून आणायला पाहिजे होती का? पण सगळाच बाजार तसला आहे. कापड खोटं, पॉलिश खोटं, गॅरंटी खोटी. कुंकवानं काय पाप केलं?

१४ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळ

काल लिहिता आलं नाही, लातूरहून यायला उशीर झाला. आणि सरळ गेलो असतो तर झालाही नसता.

हैदराबादला बरोबर काम करणाऱ्या एकानं फोनवर सांगितलं होतं की लातूरला रेणापूर नाक्याच्या अलीकडं संघपाल नावाचा माणूस आहे, तोंडानं खराब पण हातानं खरा. गाडी काढली. मावशींनी दशम्या बांधून दिल्या. स्वतः काही खाल्लं का विचारलं तर, तू नीट जा, म्हणाल्या.

अहमदपूरला चहाला थांबलो. बॉनेट बघून लोक विचारायला लागले, नवी घेतली का, पेढे कुठंयत. त्यांच्यातला एक म्हणाला, लातूरला कशाला जाता, उदगीरला असल्या सामानाचा मोठा ठोक व्यापारी हाय. वळलो उदगीरकडं. ज्या पत्त्यावर पाठवलं तिथं सायकलचं दुकान. मग वाटलं, इतक्या लांब आलोच आहोत तर मावशींची देवणी बघून जावं. तिथं एका अंगणात पांढऱ्यावर काळ्या ठिपक्यांचा वळू उभा होता, अंग असं तुकतुकीत की त्यात तोंड बघावं. मालक बसलिंगप्पा. त्यांना विचारलं, काय लावता ह्याला? ते इतके हसले की घरातली माणसं बाहेर आली. म्हणाले, "खाऊ घालतो." त्यांच्याकडून उठताना माझ्या हातात एक घुंगुरमाळ होती. पॉलिश आणायला निघालेला माणूस बैलाची घुंगरं घेऊन निघाला. दाजी हे वाचणार नाहीत ते बरं.

लातूरला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. संघपालचं दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, माझ्या शेडएवढंच. बाहेर गाड्यांची रांग. तो एका गाडीच्या दाराखाली वाकलेला, मान वर करेना. दिवाळीनंतर ये म्हणाला. मी लातूरपर्यंत आलेला, तसाच उभा राहिलो. शेवटी वैतागून उठला, हात धुतले, पॉलिथिनच्या पिशवीत बोटं घातली आणि पिशवीसकट बॉनेटवरून फिरवली. असं केलं की जो खरखरीतपणा नुसत्या बोटाला कळत नाही तो कळतो. हैदराबादला आम्हीही असंच करायचो. मग दिवा तिरका धरून बघितलं.

"डाई आत गेलीया. बरीचशी निघंल, पण पुरती जाईल असं मी म्हणणार न्हाई. जो म्हणंल शंभर टक्के, त्याच्याकडं गाडी लावू नको."

मी त्याच्या पाया पडलो असतो. दोन जिल्ह्यांत होणार नाही म्हणणारा हा पहिला माणूस.

मग बरंचसं तरी काढून दे म्हणालो. नाही म्हणाला. पत्रा तापलाय, रांग लागलीय, घाईत करणार नाही. मला चार प्रश्न विचारले, मी बरोबर उत्तरं दिली असावीत, कारण त्यानं आपल्या बाटलीतलं थोडं पॉलिश डबीत काढून दिलं, एक मऊ पॅड दिला, आणि कापड दिलं. कापडाचं लेबल त्यानं आधीच कापून टाकलेलं, लेबलानंही चरे उठतात म्हणून. मी सीडी काढली. तो हसला आणि टेबलाच्या खणातून आपली सीडी काढून दाखवली. रेघ उठली नाही.

निघताना त्यानं विचारलं, "घरात विचारलंस का? आमच्यात हे नसतंय. पण मी एकदा शेजारच्या वहिनींच्या गाडीवरचं न विचारता धुतलं, तर वर्षभर बोलल्या न्हाईत."

"मालकानंच काढायला सांगितलंय."

"मालकानं सांगितलं. लावलं कुणी?"

बहिणीनं, म्हणालो. तो परत दाराखाली वाकला. तिथूनच म्हणाला की दिवाळीत हात कमी पडून राहिलेत, राहतोस का इथं. एरवी मी तिथल्या तिथं राहिलो असतो. कपडेसुद्धा मागवले नसते. पण तोंडातून निघालं, घरी मावशी एकट्या हायत. म्हणून निघालो. सगळ्या वाटेनं स्वतःवरच चिडत आलो, कारण असली संधी परत येत नाही.

घुंगुरमाळ मावशींना दिली. देवणीची म्हटल्यावर बराच वेळ मांडीवर घेऊन बसल्या. जेवण मात्र अर्धीच भाकर.

आज ऑपरेशन.

तोच दिवस, संध्याकाळ

सकाळी दाजींना आत नेलं तेव्हा ताईचा एक फोन आला. त्यानंतर तिचा फोन बंद. दुपार झाली तरी बंद. घरात बसवेना. मावशी देवापुढं. म्हटलं, वेळ घालवण्यापेक्षा काम करावं. गाडी सावलीत होती, पत्रा गार होता, सामान खरं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सगळं जुळून आलं होतं. कापड ओलं केलं.

मावशी बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. मला वाटलं, आता नको म्हणणार. नको म्हणाल्या नाहीत. बघत बसल्या. मग म्हणाल्या, "माझं बायांनी पुसलं. मला कुणी विचारलं न्हाई."

एवढंच.

आधी मला कळलंच नाही कशाबद्दल बोलतायत. मग त्यांच्या कपाळाकडं बघितलं. पोळ्यापासून ह्या घरात आहे, रोज त्यांच्या हातचं खातो, ते कपाळ रोज बघतो. मोकळं.

हातातलं ओलं कापड वाळत चाललं. मग मला उगाचच राग आला. मी म्हणालो, "मावशी, मी काय तसं पुसून राहिलो का? आणि हे पुसलं तरी कुठं जाऊन राहिलं? नांदेड झालं, उदगीर झालं, लातूर झालं. तो लातूरवाला बी म्हणतो, पुरतं जाणार न्हाई. खरं कुंकू असतं तर पहिल्याच पाण्याला गेलं असतं. खोटं हाय म्हणूनच निघंना."

मावशींनी माझ्याकडं बघितलं.

"निघंना का?"

"कुणाच्या बापाला निघंना."

त्या उठल्या. आत गेल्या. थोड्या वेळानं भाकरीचा वास आला. मला हाक मारली, स्वतः ताट घेऊन समोर बसल्या, आणि रविवारपासून नीट न जेवलेली बाई दोन भाकरी, वर ठेचा, वर ताक, असं पोटभर जेवली. मी त्यांना असं काय चांगलं सांगितलं? मी तर भांडत होतो.

जेवण होतंय तोवर ताईचा फोन आला. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलेत, बोलले. पायाचं विचारलं तर म्हणाली, उद्या कळंल.

गाडीला आज पॉलिश केलं नाही. आभाळ आलं होतं आणि उजेड नीट नव्हता. उजेड नसताना हे काम करू नये, हैदराबादला शिकवलं होतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

काल नुसती वाट बघण्यात गेला. उद्या कळंल म्हणाली होती, कळलं काहीच नाही. आज ताई म्हणाली, डॉक्टर पायाला टाचणी टोचून विचारतात, पोटरीला थोडं कळतंय, अंगठा हलत नाही. किती दिवस लागतील? कळंल. घरी कधी सोडणार? दिवाळी झाल्यावर, बहुतेक. सगळ्यांनी मिळून कळंल हा एकच शब्द धरलाय. आवाज असा की झोपली नसावी. मी विचारलं, जेवलीस का? ती म्हणाली, ते कुंकू हाय ना तसंच? मी म्हणालो, हाय. फोन ठेवला.

मग दाजींचा फोन. जीभ अजून जड. पहिला प्रश्न बॉनेट. मी म्हणालो, निघालं. म्हणाले, फोटो टाक. मी पोळ्याच्या वेळचा जुना फोटो शोधून टाकला, स्वच्छ पांढरं बॉनेट. मनात म्हटलं, पडल्या पडल्या त्यांना काय कळणार.

लगेच परत फोन. "बॉनेटवर पिंपळाची पानं पडल्यात."

"वारं सुटलं होतं, दाजी."

"दारातला पिंपळ गणपतीत तोडला, हरिओम."

वाटलं, गेलं शेड. तिकडं कुणाच्या तरी खाटेजवळ काहीतरी टिकटिक करत होतं, ते ऐकत राहिलो. मग दाजींनी विचारलं, "पुनमनं नको म्हणून सांगितलं का?"

"हाव."

तिकडं खाट करकरली.

"राहू दे मग. सावलीत लाव. आणि तिला सांगू नको मी विचारलं म्हणून."

ह्याला काय म्हणावं? हेच आठ दिवस आधी सांगितलं असतं तर मला नांदेड पालथं घालावं लागलं नसतं, उदगीरची सायकल बघावी लागली नसती. आता ही खरी डबी, खरा पॅड आणि खरं कापड घेऊन मी काय करू? शेडचं विचारायची हिंमत झाली नाही.

गाडी सावलीत लावली. वरून जुनी चादर टाकणार होतो, पण चादरीनंही चरे उठतात. आणि ते झाकलं तर मावशींना खिडकीतून दिसणार नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

तीन दिवस लिहिलं नाही, पण ह्या वेळी आळस नव्हता. तो टपरीवाला, त्यानं व्हॅनच्या हेडलाइटा गावभर दाखवल्या. शुक्रवारी त्याचा मेहुणा आला. काल तिघं आले. आज सकाळी तर दुकानासमोर एक काळी गाडी येऊन थांबली आणि त्यातून कोण उतरावं, तर तो कॉफी पिणारा. गाडीच्या अंगावर ते गोल चरे ऊन पडलं की जाळ्यासारखे दिसतात. मला म्हणाला, त्या दिवशी तुम्हीच का? मी म्हणालो, हाव. त्यानं पुढं काही विचारलं नाही, किल्ली दिली. मी म्हणालो, पुरतं जाईल असं म्हणणार न्हाई. शेडला कुलूप, म्हणून दुकानाच्या सावलीतच काम. ह्या गर्दीत माझं कोणतंच काम धड होत नाही, जेवायला वेळ नाही, आणि शेड अजून माझं नाही. एकट्यानं किती करायचं? संघपालची रांग बघून हेवा वाटला होता. रांगेत काय त्रास असतो ते आता कळतंय.

आत्ता घरी आलोय. उद्या पहिली आंघोळ, मावशी उटणं कालवतायत. देवणीची घुंगुरमाळ त्यांनी गेटला बांधून टाकलीय, कुणी आलं की वाजते. दिवसभर वाजतेय. पायाची खबर कालपासून नाही. ताई फोन उचलत नाही, आणि उचलला तरी म्हणणार

परत वाजली. हा कुणी हेडलाइटवाला असेल तर आज नाही म्हणून सांगणार आहे. खिडकीतून बघतो.

दवाखान्याची पांढरी गाडी आहे गल्लीत.

ताई उतरलीय. तिच्या हातात वॉकर आहे. रिकामा वॉकर घेऊन ती चाललीय, आणि तिच्या पुढं दाजी. कुणाला न धरता. उजवा पाय टाकतात, थांबतात, तो जमिनीवर आहे का बघतात, मग डावा. न कळवता आले. दिवाळीनंतर येणार होते.

मावशी भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यात उभ्या आहेत, ओवाळायला हात वर केलाय, तो तसाच राहिलाय.

दाजी गाडीपाशी आले. थकलेत. त्यांनी बॉनेटवर हात टेकला. अख्खा पंजा, त्या लाल पाच बोटांवरच, आणि सगळा भार टाकून उभे आहेत. ओरडायला कुणी नाही.

ताई मला हाक मारतेय. ते लातूरचं कापड कुठंय म्हणून विचारून राहिली, मावशींनी फोनवर सांगितलं असणार. घरी येऊस्तोवर न्हाई म्हणाली होती, आता आले.

जातो.